तीस अंश दक्षिण, जिल्हा यवतमाळ

उकणीच्या खाणीतला कोळसा उकणीतच तयार झाला. फक्त तेव्हा उकणी अंटार्क्टिकाच्या शेजारी होती.

उकणी, निलजई, मुंगोली, कोलगाव. वणी तालुक्यातल्या या खाणींतून वेस्टर्न कोलफिल्ड्सचा जो काळा माल डम्परमागून डम्पर भरून वर येतो, तो ज्या झाडांचा बनला ती झाडं दक्षिण गोलार्धातल्या पन्नास-साठ अंश अक्षांशाच्या पट्ट्यात, थंड दलदलीत वाढली. तिथे हिवाळ्यातला दिवस उगवतो न उगवतो तोच मावळतो. आज वणी वीस अंश उत्तरेला आहे आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. झाडं काही चालत इथवर आली नाहीत. त्यांच्या मुळांखालची जमीन आली, आणि तिच्यासोबत तो दगड, ती नदीची खोरी, पुढे ज्याच्यावर कपाशी पिकणार होती तो सगळा मुलूख आला.

खंड सरकतात हे आपण शाळेत शिकतो. वेगेनर नावाचे एक जर्मन शास्त्रज्ञ, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे जुळणारे किनारे, एक आकृती, दोन गुणांचा प्रश्न. त्या धड्यातून असा ग्रह होतो की हे सगळं कुठेतरी अटलांटिकच्या दोन काठांवर घडलं आणि आपल्या वाट्याला फक्त हिमालय आला. माझं म्हणणं वेगळं आहे. खंड सरकल्याचा पुरावा ज्या दगडांतून उभा राहिला, त्यातले फार महत्त्वाचे दगड विदर्भातले आणि दख्खनचे होते. यवतमाळ जिल्ह्याचा आग्नेय कोपरा तर असा आहे की एका दिवसाच्या मोटारसायकल फेरीत या पुराव्याची तीन वेगवेगळी प्रकरणं पायाखालून जातात.

जिल्ह्याचा बहुतेक भाग एकाच दगडाचा. पुसद, दिग्रस, दारव्हा, नेर, आर्णी, खुद्द यवतमाळ, कुठेही विहीर खणा: माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. हा बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला. कपाशीची काळी माती याच दगडाची झालेली, आणि ती जिथे धुऊन गेली तिथली बरड जमीनही त्याच्याच डोक्यावर. एका शेतात विहिरीला पाणी आणि बांधापलीकडच्या शेतात कोरडा खड्डा, हा इथल्या शेतकऱ्याच्या नशिबाचा खेळही याच दगडाचा. पाणी असतं ते त्याच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत, भेग सापडली तर सापडली.

पण करंजीहून मारेगावमार्गे वणीकडे निघालं की हळूहळू चित्र बदलतं. लाव्हाचे थर पूर्वेकडे पातळ होत गेलेले आहेत आणि वर्धा-पैनगंगेने उरलेसुरले खरवडून टाकलेत. त्यामुळे खालचे जुने दगड उघडे पडलेत. राजूरला चुन्याच्या भट्ट्या दिसतात, मुकुटबनला सिमेंटचा कारखाना. दोन्हींचा कच्चा माल म्हणजे पैनगंगेच्या खोऱ्यातला चुनखडक, शंभर कोटी वर्षांच्या घरातला. त्याच्यावर कोळशाचे थर आणि सगळ्यात वर लाव्हा. हातोडी घेतलेला माणूस दिसला की इकडे पहिला प्रश्न ठरलेला: “गोटे पाह्याले आले का जी?” होय, गोटेच.

पहिलं प्रकरण बर्फाचं.

१८७५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये फ्रान्सिस फेडन यांचं एक छोटं टिपण छापून आलं. चंद्रपूरच्या पश्चिम-नैर्ऋत्येला दहाएक मैलांवर, पैनगंगेकाठच्या इरई गावाजवळ त्यांना चुनखडकाची एक सपाटी सापडली होती. (हे इरई गाव वेगळं, चंद्रपूरला पाणी देणाऱ्या इरई धरणाशी त्याची गल्लत करू नये.) जागा चंद्रपूर जिल्ह्यातली, पण वणी तालुक्याला लागूनच. सपाटी घासून गुळगुळीत झालेली आणि तिच्यावर एकमेकींना समांतर ओरखडे, खोबणी. त्या सपाटीवर जो थर बसला होता त्यात बारीक चिखलाच्या दगडात रुतलेले लहानमोठे धोंडे होते. त्यातल्या काहींच्या अंगावरही तसेच ओरखडे.

हे ओरखडे नदीचे नाहीत, हे कळायला नदी पाहिलेली असली तरी पुरते. नदी गाळ निवडते. जड आधी टाकते, हलकं पुढे नेते, आणि गोटे गोल करते. चिखल, वाळू आणि माणसाएवढा धोंडा हे सगळं एकत्र, न निवडता वाहून आणायचं आणि एकत्रच टाकायचं, हे काम हिमनदीचं. तिच्या तळाशी गोठून बसलेले दगड खालच्या कातळावर कानशीसारखे चालतात. आल्प्समध्ये असे ओरखडे लोकांनी पाहिले होते. पण पैनगंगेच्या काठी?

या थराचं नाव तालचेर, ओडिशातल्या कोळशाच्या प्रदेशावरून. तिथे १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी पहिल्यांदा लिहिलं होतं की हे धोंडे बर्फाने आणले असावेत. उष्ण कटिबंधात, समुद्रसपाटीच्या आसपास बर्फ ही कल्पना पचायला अवघड होती आणि पुष्कळांनी ती बाजूला सारली. इरईच्या सपाटीने टीकाकारांची बरीच पंचाईत केली, कारण धोंडे कुठूनही तरंगत येऊ शकतात, पण खालचा कातळ जागच्या जागी घासलेला आहे. तिथे बर्फ सरकलाच असला पाहिजे. पुढे १९६३ मध्ये ए. जे. स्मिथ यांनी त्याच जागेचा नव्याने अभ्यास करून हिमनदीचाच निर्वाळा दिला.

आता हा बर्फ किती जुना? सुमारे तीस कोटी वर्षं. आणि त्याच वयाचे, तसेच ओरखडे दक्षिण आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये, ऑस्ट्रेलियात सापडले. खंड आज जिथे आहेत तिथेच तेव्हाही होते असं धरलं तर या सगळ्या बर्फासाठी विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, अर्ध्या पृथ्वीवर हिमयुग पसरलं होतं असं मानावं लागतं. पण त्याच काळात युरोप आणि उत्तर अमेरिकेत उष्ण, दमट जंगलं वाढत होती. तिथला कोळसा त्यांचाच. विषुववृत्त गोठलेलं आणि इंग्लंडमध्ये उकाडा, हे जमत नाही. हे सगळे तुकडे दक्षिण ध्रुवाभोवती गोळा करून ठेवले की मात्र बर्फाची एकच मोठी चादर तयार होते आणि कोडं सुटतं. वेगेनर यांच्या हातातला सगळ्यात भक्कम पत्ता किनाऱ्यांच्या आकाराचा नव्हता, या बर्फाचा होता, असं मला वाटतं. किनारे योगायोगानेही जुळू शकतात.

बर्फ वितळला, पाणी साचलं, दलदली झाल्या. दुसरं प्रकरण इथे सुरू होतं, आणि ते वणीच्या खाणीत.

खाणीच्या कडेला उभं राहिलं की वरून खाली थर वाचता येतात. सगळ्यात वर काळी माती, मग लालसर-पिवळा वाळूचा दगड, आणि खाली कोळसा. वर्धा खोऱ्यात कोळशाचा एकच थर काही ठिकाणी पंधरा-वीस मीटर जाडीचा आहे. टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी १८७७ मध्ये या सगळ्या खोऱ्याचा तपशीलवार अहवाल लिहिला. आजच्या खाणींची मुळं त्या कागदांत आहेत. कोळशाच्या वरचा जो दगड फोडून बाजूला टाकतात त्याला खाणीत सगळे ‘ओबी’ म्हणतात. ओबीचे डोंगर आता वणीच्या क्षितिजावर खऱ्या टेकड्यांपेक्षा उठून दिसतात. या कोळशासोबत येणाऱ्या राखाडी चिखलाच्या दगडाचे पापुद्रे सुटे केले की त्यात कधी कधी पानाचा ठसा मिळतो: जिभेसारखं लांबट पान, मधोमध एक ठसठशीत शीर, आणि तिच्यापासून निघून जाळी विणत कडेपर्यंत जाणाऱ्या बारीक शिरा.

हे ग्लॉसोप्टेरिस. १८२८ मध्ये फ्रान्सच्या अडोल्फ ब्रोंन्यार यांनी त्याला नाव दिलं, आणि त्यांच्यापुढचे नमुने भारतातले आणि ऑस्ट्रेलियातले होते. पुढे तेच पान आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत मिळालं. या जातीच्या लाकडात वर्षागणिक वाढीची ठळक वर्तुळं दिसतात, म्हणजे उन्हाळा-हिवाळ्यातला फरक कडक होता. विषुववृत्तावरच्या झाडाला अशी वर्तुळं पडत नाहीत. उत्तर गोलार्धातल्या त्या काळच्या जंगलात मात्र हे झाड नाही.

आणि मग अंटार्क्टिका. १९१२ च्या फेब्रुवारीत कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवाहून परतत होते. प्रतिस्पर्धी अ‍ॅमुंडसेन आधी पोचल्याने मोहीम हरलेली, माणसं उपाशी आणि हिमदंशाने जर्जर. तरी बिअर्डमोर हिमनदीजवळ थांबून त्यांनी दगड गोळा केले आणि पस्तीस पौंडांचं ते ओझं घसरगाडीवर शेवटपर्यंत ओढत नेलं. मार्च संपेपर्यंत सगळे मेले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबूत प्रेतं सापडली, शेजारी दगड होते. केंब्रिजच्या ए. सी. सीवर्ड यांनी ते तपासले: ग्लॉसोप्टेरिस. जे झाड वणीच्या कोळशात, तेच ध्रुवाजवळच्या बर्फाखाली. स्कॉट यांच्या धडाडीच्या कथा पुष्कळ लिहिल्या गेल्या. त्यांच्या त्या पस्तीस पौंडांना मात्र दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, आणि तिथेच त्या मोहिमेची खरी कमाई आहे.

भारतातल्या या सगळ्या खडकांना हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये गोंडवन हे नाव दिलं होतं, आणि १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या एडुआर्ड सुएस यांनी त्यावरून दक्षिणेच्या अख्ख्या लुप्त खंडाला गोंडवानालँड म्हटलं. झरी-जामणी, केळापूर, मारेगावचे गोंडांचे गुडे आणि कोलामांचे पोड याच पट्ट्यात आहेत. तिथल्या आश्रमशाळांत हा धडा शिकवताना तो कुणाच्या नावाचा आहे एवढं तरी सांगायला काय हरकत आहे?

सुएस यांचा खंड मात्र सरकणारा नव्हता. त्यांच्या मते तो होता तिथेच होता आणि मधला भाग समुद्रात बुडाला. ब्लॅनफर्ड बंधूंतल्या एकानेही १८७५ मध्ये भारत आणि आफ्रिका जोडणाऱ्या अशाच एका बुडालेल्या जमिनीची कल्पना मांडली होती. जमिनीचे पूल, त्यावरून पसरलेली झाडं आणि प्राणी, मग पूल गडप. वरवर सोपं वाटतं. पण त्याला छेद देणारा पुरावा पुन्हा भारतातूनच आला होता, आणि तोही सुएस यांच्या तीस वर्षं आधी.

भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कल्याणा आणि कल्याणपूर या दोन ठाण्यांतलं अक्षांशाचं अंतर दोन पद्धतींनी काढलं तेव्हा पाच सेकंदांहून थोडा जास्त फरक पडला. हिमालयाच्या वस्तुमानाने ओळंबा स्वतःकडे ओढला, हे कारण उघड होतं. पण कलकत्त्याचे धर्मोपदेशक आणि गणिती जॉन प्रॅट यांनी हिशेब केला तर ओढ जेवढी असायला हवी होती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच निघाली. म्हणजे पर्वताखाली काहीतरी हलकं आहे. जॉर्ज एअरी यांनी १८५५ मध्येच सांगितलं की पर्वतांना खोल, हलकी मुळं असतात आणि खंड खालच्या जड थरावर तरंगत असतात. हलकी वस्तू जड पदार्थात बुडत नाही. मग हजारो मैलांचे पूल बुडाले कसे? उभं बुडता येत नसेल तर आडवं सरकणं, एवढीच वाट उरते.

आल्फ्रेड वेगेनर यांनी ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्टमध्ये ती वाट दाखवली, १९१५ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि पुढची पंधरा वर्षं टीका सोसली. खंड कशाच्या जोरावर सरकतात याचं त्यांचं उत्तर कच्चं होतं आणि भौतिकीवाल्यांनी ते सहज मोडलं. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात ते वारले. दक्षिण आफ्रिकेत अलेक्झांडर डू टॉइट यांनी दगडांचे पुरावे जमवत राहून हा वाद धुगधुगत ठेवला, आर्थर होम्स यांनी पृथ्वीच्या पोटातला घट्ट पण तापलेला खडक संथपणे वर-खाली फिरतो अशी कल्पना मांडली, पण बहुमत ढिम्म हललं नाही. बर्फ आणि पानं हे परिस्थितीजन्य पुरावे. न्यायालयाला मोजमाप हवं होतं.

ते मोजमाप काळ्या पाषाणाने दिलं, आणि हे माझ्या लेखी या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात सुंदर प्रकरण आहे.

झरी-जामणी तालुक्यातल्या शिबला-पार्डी इथे २०२१ मध्ये रस्त्याचं काम चालू असताना दगडी खांबांची रांग उघडी पडली. जणू कुणी घडवून उभे केलेत असे बहुकोनी खांब, एकमेकांना चिकटून. चंद्रपूरचे पर्यावरण आणि भूशास्त्राचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते स्तंभाकार बेसाल्ट असल्याचं सांगितलं आणि बातमी देशभर गेली. उन्हाळ्यात काळी जमीन आक्रसून भेगाळते, तसाच जाड लाव्हा थंड होताना आक्रसतो. फक्त इथे भेगा पृष्ठभागापासून आत आत उतरत जातात आणि खांब सुटे होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच घराण्यातली. कर्नाटकात उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे खांब मात्र निराळे. ते सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीचे, भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून फाटले तेव्हाचे, आणि त्या वयाचा लाव्हा मादागास्करमध्येही भरपूर आहे.

दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा. त्याचं आजचं क्षेत्रफळ पाच लाख चौरस किलोमीटर, पश्चिमेला जाडी दोन किलोमीटरहून जास्त. लाव्हा मुख्यतः पश्चिमेकडच्या भेगांतून आला. यवतमाळ त्याच्या पूर्व काठावर. काही प्रवाह गोदावरीच्या जुन्या खोऱ्यातून पार राजमहेंद्रीपर्यंत गेले असं मानतात.

या दगडात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. लाव्हा निवत जाऊन तापमान साधारण ५८० अंशांखाली आलं की हे कण त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतात. होकायंत्राची सुई आडव्या पातळीला न बांधता मोकळी टांगली तर ती फक्त उत्तर दाखवत नाही, झुकतेही. विषुववृत्ताजवळ ती आडवी, उत्तरेकडे जावं तसं तिचं उत्तर टोक खाली, दक्षिण गोलार्धात तेच टोक वर. ध्रुवावर सुई उभी. म्हणजे झुकाव मोजला की अक्षांश कळला. गणितही सोपं आहे, झुकावाची स्पर्शज्या ही अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट. प्रत्येक लाव्हाच्या थरात त्याच्या जन्मस्थानाचा अक्षांश लिहून ठेवलेला असतो, वाचणारा हवा.

केंब्रिजमध्ये टेड आयर्व्हिंग नावाच्या तरुण विद्यार्थ्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या सूचनेवरून, दख्खनचे मूठभर दगड मागवून मोजले. उत्तर आलं: हा दगड दक्षिण गोलार्धात थिजला. विद्यापीठाने १९५४ मध्ये त्यांचा पीएचडीचा प्रबंध नापास केला. (पुढे आयर्व्हिंग या विषयातले जगातले पहिल्या रांगेचे मानकरी झाले. परीक्षकांची नावं कुणाला आठवत नाहीत.) लंडनमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये भारतीय दगडांचं मोजमाप प्रसिद्ध केलं. मग डॉइच मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि तिथे सी. राधाकृष्णमूर्ती व पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांच्यासोबत दख्खनच्या लाव्हाचं चुंबकत्व थरामागून थर तपासलं गेलं. १९५८-५९ मध्ये ते निबंध छापून आले. अमेरिकेतले बहुसंख्य भूशास्त्रज्ञ तेव्हा खंड सरकतात या कल्पनेला हसत होते. त्याच वर्षांत मुंबईत बसून काही माणसं भारत किती सरकला ते अंशांत मोजत होती, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत का नाही, याचं उत्तर मला सापडत नाही.

एक अडचण होती. कित्येक थरांत उत्तर-दक्षिण उलटी निघत होती. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून पूर्ण उलटं होतं; फ्रान्सच्या ब्रून यांनी १९०६ मध्ये आणि जपानच्या मातुयामा यांनी १९२९ मध्ये हे दाखवलं होतं, पण विश्वास कमी होता. दख्खनचा बहुतांश लाव्हा अशाच एका उलट्या काळात आला. त्यामुळे या दगडांतली सुई दक्षिणेकडे तोंड करून खाली झुकते. उलटेपणाचा हिशेब घेतला की अक्षांश तोच येतो, तीस अंशांच्या आसपास, दक्षिण.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. यवतमाळ शहर आज साधारण २०.४ अंश उत्तरेवर. लाव्हा आला तेव्हा ते सुमारे ३० अंश दक्षिणेवर होतं, आज डर्बन आहे त्या अक्षांशावर. फरक पन्नास अंशांचा. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर. ६.६ कोटी वर्षांनी भागलं तर वर्षाला आठ सेंटिमीटर सरासरी. चाल एकसारखी नव्हती. सुरुवातीला भारत वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून जास्त वेगाने धावत होता, आशियाला धडकल्यावर मंदावला. गोंडवनाच्या तुकड्यांत एवढी धाव दुसऱ्या कुणाची नाही.

का? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले प्रकाश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये भूकंपलहरींवरून दाखवलं की भारताच्या तबकाची, म्हणजे प्लेटची, जाडी सुमारे शंभर किलोमीटरच आहे. गोंडवनाच्या इतर तुकड्यांची १८० ते ३०० किलोमीटर. खालचं मूळ वितळून गेल्याने भारत हलका झाला आणि धावला, असा त्यांचा तर्क. इतर काही जण म्हणतात की पुढे समुद्रतळाचे दोन पत्रे एकामागे एक खाली खेचले जात होते, त्यांनी भारताला ओढलं. लाव्हा आणणाऱ्या उष्ण झोताने मागून रेटा दिला असंही एक मत आहे. निकाल लागलेला नाही.

चुंबकत्व अक्षांश सांगतं, रेखांश सांगत नाही. भारत नेमका कुठून कुठून आला हे समुद्राच्या तळाने सांगितलं. १९६२ मध्ये ब्रिटिश जहाज ‘ओवेन’ने अरबी समुद्राच्या दक्षिणेला असलेल्या कार्ल्सबर्ग या समुद्राखालच्या पर्वतरांगेवरून चुंबकीय मोजणी केली. ड्रमंड मॅथ्यूज यांनी आणलेल्या त्या आकड्यांवरून फ्रेड व्हाइन यांना दिसलं की रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट्या-उलट्या चुंबकत्वाचे पट्टे आहेत. रांगेत नवा तळ तयार होतो, दोन्हीकडे सरकतो, आणि जाताना त्या त्या काळचं चुंबकत्व घेऊन जातो. १९६३ चा त्यांचा ‘नेचर’मधला निबंध म्हणजे तबक-सिद्धांताच्या इतिहासातलं वळण, आणि त्याचा मुख्य आधार ना अटलांटिक ना पॅसिफिक, आपल्या कोकणासमोरचा समुद्र. १९७१ मध्ये डॅन मॅकेन्झी आणि जॉन स्क्लेटर यांनी हिंदी महासागराचे असे सगळे पट्टे उलटे मिटवत नेले आणि भारताचा मार्ग नकाशावर काढला.

त्या मार्गाच्या एका टोकाला रियुनियन बेट आहे. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, रियुनियन ही माळ दक्षिणेकडे क्रमाने तरुण होत जाते. १९८७ मध्ये समुद्रात छिद्रं पाडून हे वय तपासलं गेलं. दख्खनचा लाव्हा ज्या उष्ण झोतातून आला तो आज रियुनियनखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे, असं बरेच जण मानतात. मुंबई आयआयटीचे हेतू शेठ यांच्यासारखे अभ्यासक हे मानत नाहीत. लाव्हा भेगांतून यायला झोताची गरज नव्हती असं त्यांचं म्हणणं. मॉरिशसला दीडशेहून अधिक वर्षांपासून मराठी कुटुंबं राहतात. झोताचं म्हणणं खरं असेल, तर ती मंडळी सह्याद्रीच्या उगमस्थानाशेजारी जाऊन वसली आहेत.

पाच कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास भारत आशियाला भिडला. मधला टेथिस समुद्र मिटला, त्याचा तळ उचलला गेला. हा पुरावा पाहायला कुठे जायला नको. दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नात ज्या शाळिग्रामाला हळद लागते तो गंडकीच्या पात्रातला असेल तर त्याच्या पोटातलं चक्र हे त्या समुद्रात राहणाऱ्या अमोनाइट प्राण्याचं कवच आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावरही समुद्री चुनखडक आहे.

भारताचं सरकणं थांबलेलं नाही. उपग्रहांच्या साहाय्याने चालणारी स्थानकं सांगतात की देश ईशान्येकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर जातो आहे. हिमालयापाशी रेटा बसतो आणि त्याचा ताण मागे, द्वीपकल्पात पसरतो. दख्खनला अचल म्हणण्याची जुनी सवय ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने मोडली. ६.२ तीव्रतेचा तो भूकंप. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यातली बरीच दगड-मातीच्या जाड भिंतींखाली.

२०२४ मध्ये यवतमाळकरांनाही हे जाणवलं. २१ मार्च आणि १० जुलै, दोन्ही वेळा सकाळी, हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि पैनगंगेच्या अलीकडे उमरखेड-पुसदच्या पट्ट्यात लोक घराबाहेर आले. मग ४ डिसेंबरला सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ चा धक्का, तो चंद्रपूर-गडचिरोलीपासून नागपूरपर्यंत जाणवला. मुलुगू गोदावरीच्या खोऱ्यात आहे, आणि ते खोरं म्हणजे गोंडवनाच्या काळात जमीन ताणली जाऊन खचलेली एक लांब चर. तिच्यात गाळ साचला, दलदली झाल्या, कोळसा झाला. १९६९ मध्ये भद्राचलमचा भूकंपही याच चरीत झाला होता. हिमालयाचा रेटा दक्षिणेकडे आला की तो जुन्या, कमजोर भेगा शोधतो, आणि तीस कोटी वर्षांची भेगही त्याला चालते. चरीचं वायव्येकडचं टोक वर्धा खोऱ्यात येतं, वणीच्या खाणींखाली.

वणी, मारेगाव, झरीच्या खेड्यांत दगड-मातीत बांधलेल्या जुन्या भिंती अजून उभ्या आहेत. घरकुल योजनेत नवी घरं होतात तेव्हा सिमेंटच्या पट्ट्या, कोपऱ्यातल्या सळया, दारं-खिडक्यांवरची लिंटेल यांवर जो खर्च वाचवला जातो, तो पाहताना या चरीची आठवण ठेवायला हवी. कागदावर हा भाग कमी धोक्याचा, आणि तो अंदाज बहुधा बरोबरच आहे. किल्लारीही ३० सप्टेंबरपर्यंत कमी धोक्यातच होतं.